बाटलीबरोबरचा कागद

३ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शुक्रवारीच मिळालं होतं. लगेच उत्तर लिहिणार होतो, पण चष्म्याची काडी तुटली. आता ती चिकटपट्टीने जोडली आहे, त्यामुळे डावा डोळा वर आणि उजवा खाली, असा मी हे लिहितो आहे. अक्षर तिरकं आलं तर समजून घे. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे माझे गुडघे सोडून, आणि तुझ्या भावजयीच्या मते माझी जीभ सोडून.

औषधाचं दुकान विकून दोन वर्षं होत आली, तरी सकाळी दहा ते बारा मी तिथे जाऊन बसतोच. नवा मालक भला माणूस आहे. त्याने काउंटरच्या आत माझ्यासाठी एक स्टूल ठेवलं आहे आणि औषधांना हात लावायचा नाही अशी अट घातली आहे. जुनी गिऱ्हाईकं येतात, त्याच्या संगणकाकडे पाठ करतात आणि मलाच विचारतात, ‘डॉक्टर, ही गोळी जेवणाआधी की नंतर?’ मी मालकाकडे बघतो, तो मान हलवतो, मग मी सांगतो. काल एका बाईंनी विचारलं, या खोकल्याच्या औषधाने झोप येते म्हणतात, मग गाडी चालवू का? मी म्हटलं, चालवा की, फक्त शेजारच्या सीटवर बसून. सगळं दुकान हसलं. मला अजून लोक डॉक्टर म्हणतात याचं तुला हसू येत असेल. तू तर मला लहानपणापासून उंटावरचा शहाणा म्हणतेस.

आता तुझ्या नातवाचं. तीन वर्षांच्या पोराचा कान वाहतोय हे वाचून वाईट वाटलं. उशीवर डाग पडतो, वास येतो, कानाला हात लावू देत नाही, हे सगळं तू लिहिलंस. सर्दी मुरली की लहान मुलांचे कान वाहतात. घाबरू नकोस, पण अंगावरही काढू नकोस. कानाच्या डॉक्टरांकडे ने. कान वरचेवर वाहतो म्हणजे मधल्या कानात पू होतोय, आणि पडद्याला भोक आहे की नाही हे आत दिवा टाकून बघितल्याशिवाय कोणालाही कळत नाही. तोवर घरचं काहीही घालू नको. तेल तर मुळीच नको. बाहेर आलेलं फक्त मऊ फडक्याने टीप.

तू लिहिलंस, ‘बारकीला तू द्यायचास ते थेंब पाठव, त्याने पाच दिवसांत कान कोरडा पडायचा.’ ते थेंब आता येत नाहीत गं. कंपनीनेच बंद केले. जुनी औषधं अशीच जातात, आणि नव्यांची नावं उच्चारायलाही दात शाबूत लागतात. तेव्हा त्यांचा नाद सोड आणि डॉक्टर देतील ते घाल.

बारकी आता स्वतः आई झाली, शाळेत गणित शिकवते, तुला घरी ठेवून घेतलं तिने, सगळं खरं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती अजून पाठीवर दप्तर घेऊन दुकानात शिरणारी सात वर्षांचीच आहे. ‘मामा, गोड गोळी,’ म्हणायची आणि मी बरणीतून खोकल्याची गोळी काढून द्यायचो. तिला सांग, मामाचे गुडघे बरे असते तर तो केव्हाच आला असता. नातू झाल्यापासून मी एकदाही आलो नाही असं तू लिहिलंस. मोजून ठेवू नकोस असलं काही. गाडीचा सात तासांचा प्रवास, आणि तुमच्या इमारतीचे तीन जिने. जमलं की येईन.

आणि एक. ‘माझ्या हातून एकदा चूक झाली, लेकीचा कान गेला, आता नातवाचं तसं व्हायला नको,’ हे जे तू शेवटी लिहिलंस ते लिहायची काही गरज नव्हती. जे झालं ते झालं. इतक्या वर्षांनी तेच उगाळून कोणाचं भलं व्हायचं आहे? स्वतःला दोष देत बसू नकोस. पोराला डॉक्टरांकडे ने आणि कळव.

ही नमस्कार सांगते आहे. तिला दुधाला जायचं आहे, जाता जाता पाकीट पेटीत टाकेल.

तुझा,
भाऊ


१२ फेब्रुवारी, दुपारी दोन

ताई,

काल सकाळी फोनवर मी तुझ्यावर ओरडलो. अडुसष्ट वर्षांचा माणूस चौऱ्याहत्तर वर्षांच्या बहिणीवर ओरडतो, ही शोभेची गोष्ट नाही. फोन ठेवल्यावर ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, ‘ताईंवर ओरडत होतात?’

पण तुझं दुसरं पत्र हातात होतं आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तू लिहिलंस की थेंब बंद झाले असं मी म्हणतो ते खोटं आहे. शिवणयंत्राच्या खणात तुला जुनी बाटली सापडली, त्याच थेंबांची. रिकामी झाल्यावर तू ती धुऊन तिच्यात यंत्राचं तेल भरून ठेवलं होतंस, कारण ड्रॉपरने तेल नेमकं पडतं. तेलाने बाटलीवरचा नावाचा कागद पारदर्शक झाला होता, तरी नाव वाचता आलं. ते नाव घेऊन तू कोपऱ्यावरच्या दुकानात गेलीस आणि त्याने पहिल्या फटक्यात नवी बाटली काढून दिली. डॉक्टरांची तारीख दहा दिवसांनंतरची, तोवर पोर रडतंय, म्हणून सोमवारपासून सुरू करते, असं लिहिलंस. बारकीला विचारलं तर ती म्हणाली, ‘मामाचेच ना? मग घाल.’

म्हणून फोन केला.

‘ते थेंब घालू नकोस.’

‘अरे पण का? तुझेच तर आहेत.’

‘नको म्हणजे नको!’

‘आधी म्हणालास बंद झाले. आता म्हणतोस घालू नको. तुझं नक्की चाललंय काय?’

‘पत्रात लिहितो.’

‘फोन हातात आहे आणि पत्रात काय लिहितोस? बोल की आता!’

माझ्याने बोलवलं नाही, ताई. तू म्हणालीस, ‘बरं, पत्र येईपर्यंत बाटली कपाटावर ठेवते. पण कारण पटलं नाही तर मी घालणार हं.’ तू शब्दाची पक्की आहेस. तेव्हा हे कारण.

त्या बाटलीच्या डब्यात एक घडी केलेला पातळ कागद असेल. तो काढ. चष्मा लावून वाच, नाहीतर बारकीला वाचायला सांग. त्यात लिहिलेलं असेल की कानाच्या पडद्याला भोक असेल तर हे औषध वापरू नये. भोकातून औषध आत जातं आणि जिथे ऐकू येतं त्या नसेलाच इजा होऊ शकते, वरचेवर घातलं तर जास्तच. बारकीच्या पडद्याला भोक होतं. डॉक्टरांनी तुला तसं सांगितलं होतं, आणि तू ते मला सांगितलं होतंस.

इथे थांबून मी पाणी पिऊन आलो.

आता पहिल्यापासून सांगतो. तेव्हा तुम्ही आमच्या मागच्या गल्लीत राहत होता. बारकी सात वर्षांची, उजवा कान वाहायचा. कानाच्या डॉक्टरांनी दिवा टाकून बघितलं आणि चिठ्ठी लिहून दिली. आधी कापसाची वात फिरवून कान कोरडा करायचा, वात कोरडी निघेपर्यंत. मग चार थेंब. सात दिवस, आणि मग परत दाखवायला यायचं. ती चिठ्ठी घेऊन तू थेट माझ्याकडे आलीस. घरचं दुकान असताना दुसरीकडे कशाला जायचं?

चिठ्ठीवरचे थेंब माझ्याकडे नव्हते, ताई. संपले होते. बाजूच्या दुकानात मिळाले असते, दहा पावलांवर. पण त्या दुकानदाराकडे तुला पाठवायचं म्हणजे माझ्या नाकाला मिरच्या झोंबणार. मी फळीवरची दुसरी बाटली काढली. तू विचारलंस, ‘नाव वेगळं दिसतंय रे.’ मी म्हटलं, ‘आतलं तेच. नाव वेगळं, एवढंच.’ आतलं तेच नव्हतं. कानाचे थेंब ते कानाचे थेंब, अशी माझी समजूत. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस होतो मी. लोक डॉक्टर म्हणायचे ते मला खरंच वाटायला लागलं होतं.

आणि डब्यातला तो कागद मी काढून टोपलीत टाकला. तुझ्याच बाटलीचा टाकला असं नाही, सगळ्यांच्याच टाकायचो. एकदा एक गृहस्थ डोकेदुखीच्या गोळ्यांचा कागद वाचून घाबरले आणि गोळ्या परत घेऊन आले होते. म्हणाले, यात तर मरणसुद्धा लिहिलंय. तेव्हापासून मी ती रीतच पाडली. डबा उघडायचा, कागद टोपलीत, बाटली परत डब्यात. गिऱ्हाईकाला काय कळायचंय, सांगायला मी बसलोय ना. संध्याकाळी झाडणारी बाई म्हणायची, तुमच्या दुकानात औषधापेक्षा कागदच जास्त. मी हसायचो. स्वतःही त्यातला एक कागद उघडून वाचला नाही कधी.

पाच दिवसांत कान कोरडा झाला. मग डॉक्टरांकडे परत कोण जातंय? त्यानंतर कान वाहिला की तू बारकीला दुकानात पाठवायचीस, ती हात पुढे करायची आणि मी बाटली द्यायचो. तीन वर्षांत अठरा-एकोणीस बाटल्या तरी गेल्या असतील. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. एकदा तू म्हणालीस, पुन्हा डॉक्टरांना दाखवूया का? मी म्हटलं, ‘ते हेच देणार. मी आहे ना.’

तू ते थेंब कसे घालायचीस ते मला आठवतं. बाटली मुठीत धरून कोमट करायचीस, गार थेंबांनी पोरीला चक्कर येते म्हणून. तिला मांडीवर कुशीवर घ्यायचीस, वात फिरवायचीस, चार थेंब मोजून टाकायचीस, कानाच्या तोंडाशी जो छोटा उंचवटा असतो तो हळूच दाबायचीस आणि तीनशेपर्यंत आकडे म्हणायचीस. बारकीला आकडे तिथेच पाठ झाले. मी शिकवलं होतं त्याच्यापेक्षा तू चांगलं करायचीस. एकही थेंब वाया गेला नाही. सगळे आत पोचले.

ती चौथीत असताना म्हणायला लागली की कानात शिट्टी वाजते. एक दिवस शाळेच्या पायऱ्यांवरून भेलकांडून पडली. तू दुपारी दुकानात आलीस, म्हणालीस, बाटली दे, कान परत बिघडलाय. मी डबा उघडला. त्या दिवशी दुकानात कोणी नव्हतं, का कोण जाणे, कागद टोपलीत टाकायच्या आधी मी तो उलगडला. अक्षरं बारीक होती, पण वाक्य अगदी सरळ होतं. तू समोर उभी होतीस. मी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणालो, ‘आज नको, चार दिवस थांबू.’ तू म्हणालीस, ‘तू सांगशील तसं.’

यापुढचं लिहायची मला जास्त लाज वाटते. आत्तापर्यंतची चूक होती. अडाणीपणाची, घमेंडीची, पण चूक. यापुढचं मी जाणूनबुजून केलं.

डॉक्टरांकडे आपण तिघं गेलो. त्यांनी तपासणी केली, यंत्रावर बारकीला बसवलं, उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही म्हणाले. मग त्यांनी तुला विचारलं, ‘कोणते थेंब घालत होतात? किती दिवस?’ तू तोंड उघडलंस आणि मी मध्येच बोललो, ‘तुम्ही लिहून दिलेलेच. सात दिवस. नंतर काही नाही.’ त्यांनी तसं लिहून घेतलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि गप्प बसलीस.

बाहेर रस्त्यावर तू विचारलंस, ‘सात दिवसच का म्हणालास रे?’ मी म्हणालो, ‘जास्त सांगितलं असतं तर ते तुलाच बोलले असते.’ तुला वाटलं मी तुला वाचवलं. भर रस्त्यात तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, ‘तू होतास म्हणून.’ ताई, चोवीस तासांत एकदा तरी मला ते आठवतं. इतकी वर्षं झाली, एक दिवस चुकलेला नाही.

मग तू विचारलंस, ‘पण कान गेला कशाने?’ मला काहीतरी सांगणं भाग होतं. मी म्हटलं, ‘डोक्यावरून पाणी घालताना कानात कापूस घालायचीस ना नीट?’ तू चालता चालता थांबलीस. म्हणालीस, दोन-तीनदा विसरले असेन. मी म्हणालो, ‘मग झालं.’

एवढंच म्हणालो. पाण्याने वाहता कान परत वाहतो हे खरं आहे, म्हणून ते खोटं वाटलं नाही. त्या दोन शब्दांवर तू एकवीस वर्षं काढलीस. करून सवरून मी नामानिराळा. त्याच संध्याकाळी मी तुझ्या घरी आलो आणि खिडकीतल्या सगळ्या रिकाम्या बाटल्या गोळा करून नेल्या. म्हणालो, जुनी औषधं घरात ठेवू नयेत. तू चहा ठेवलास माझ्यासाठी. शिवणयंत्राच्या खणात बघायचं मला सुचलं नाही.

ताई, आता न्यायाने एक सांगायला हवं, पण ते ढालीसारखं पुढे करत नाही. कान त्या थेंबांनीच गेला असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही. मी पुढे एका दुसऱ्या कानाच्या डॉक्टरांना विचारलं होतं, एका गिऱ्हाइकाचं म्हणून. ते म्हणाले, इतकी वर्षं पू होत राहिला तर आजारानेही ऐकू येणं जातं, थेंबांनीही जातं, दोन्ही मिळूनही जातं, आता मागे जाऊन कोण बघणार? त्या ‘कोण बघणार’च्या आडोशाला मी राहिलो. पण पाण्याने गेला असं तेही म्हणाले नाहीत. तुझ्या हाताने गेला असं कोणीच म्हटलं नाही, माझ्याशिवाय. आणि त्या दिवशी डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर उरलेलं काही वाचवता आलं असतं का, हे मला कधीच कळणार नाही, कारण मी त्यांना ते बघूच दिलं नाही.

तू चुकीला चूक म्हणालीस, तीही दुसऱ्याची, आणि लेकीला स्वतः सांगितलंस की माझ्यामुळे तुझा कान गेला. मी चूक केली आणि मूग गिळून बसलो. आपल्या दोघांत एवढा फरक आहे.

बारकीला मी मोठी होताना बघितलं. कोणी बोललं की ती मान वळवून डावा कान पुढे करते. तूच एकदा हसत सांगितलं होतंस की तिच्या वर्गात उजवीकडच्या रांगेतली पोरं खुशाल गप्पा मारतात, त्यांना ठाऊक आहे बाईंना ऐकू येत नाही. तूही हसलीस, मीही हसलो. मग मी तुमच्याकडे येणं कमी केलं. माझे गुडघे दुखतात ते खरं आहे, पण मागच्या महिन्यात हिच्या भाचीकडे मी चार जिने चढून गेलो होतो.

आणि तुझ्या याच दुसऱ्या पत्रात ते आलं. तू तक्रार म्हणून लिहिलंच नाहीस, सहज लिहिलंस: ‘पोराला आंघोळ बारकीच घालते. मला घालू देत नाही. म्हणते, आई, तुझ्या हातून नको. बरोबरच आहे तिचं. मी दाराशी टॉवेल घेऊन उभी असते.’

हे वाचलं आणि मी दुकानात गेलो नाही. पहिल्यांदाच गेलो नाही. मालकाने माणूस पाठवून विचारलं, बरं नाही का? हिने सांगितलं, बरं आहे, पण येणार नाहीत. काल फोनवर ओरडून झाल्यावर मी हिला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिलाही माहीत नव्हतं. तिने आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, ‘हे मला कशाला सांगताय? आधी ताईंना सांगायचं.’ आणि उठून गेली. काल दुपारी मला चहा मिळाला नाही, आजही मिळालेला नाही. मागायचं धाडसही होत नाही.

म्हणून आता नीट ऐक. ती बाटली फेकू नकोस, घालूही नकोस. तारखेच्या दिवशी ती पिशवीत घाल आणि डॉक्टरांना दाखव. त्यांना सांग की पोराच्या आईचा कान लहानपणी असाच वाहायचा, पडद्याला भोक होतं, आणि हे थेंब तीन वर्षं घातले. सात दिवस नाही, तीन वर्षं. एका दुकानदाराने बिनचिठ्ठीचे दिले होते असंही सांग. दुकानदार कोण असं विचारलं तर माझं नाव घे. पोराच्या पडद्याला भोक असलं तरी घालता येतील असे दुसरे थेंब आता मिळतात, ते डॉक्टर देतील. किती दिवस घालायचे ते विचार, तितकेच दिवस घाल, आणि कान कोरडा दिसला तरी परत दाखवायला जा. दहा दिवसांची तारीख असेल तर फोन करून आधीची माग. पोर फार रडायला लागलं, ताप आला किंवा कानामागे सूज दिसली तर तारखेची वाटही बघू नकोस, तडक ने. थेंब घालायची वेळ आली की मात्र ते तूच घाल. तुझ्याइतकं नीट कोणाला जमणार नाही. ते मी तेव्हाही म्हणायचो आणि त्या एका बाबतीत मी कधी खोटं बोललो नाही.

माफी मागायला मी लायक आहे असं मला वाटत नाही, तरी मागतो. माझ्या मनात तुझ्यापुढे नाक घासून झालंय कितीदा तरी, पण मनात घासून काय उपयोग?

आता शेवटचं. बारकीला मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात हे सगळं आहे, आणि आंघोळीचंही आहे. ते मी तिच्या शाळेच्या पत्त्यावर पाठवलं. घरी पाठवलं असतं तर माझं अक्षर ओळखून तू आधी उघडलं असतंस, आणि मी तुला ओळखतो, ताई, तू ते तिला दिलं नसतंस. भावाची लाज झाकायला तू सगळं तसंच स्वतःच्या अंगावर ठेवलं असतंस, मरेपर्यंत. तेव्हा ते आता तुझ्या हातात नाही. आज सकाळी मी स्वतः जाऊन ते पेटीत टाकलं आणि मगच घरी येऊन हे लिहायला बसलो.

पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असं लिहायची रीत आहे. या वेळी मी लिहीत नाही. ते तुम्ही दोघींनी ठरवायचं.

तुझा धाकटा भाऊ